मिशनऱ्यांच्या चरित्रांतून त्यागाचे जीवन कसे शिकावे : सीमाभागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

उपवासकाळ आला की आपल्याकडे मिशनऱ्यांच्या गोष्टी निघतात. रविवारच्या संदेशात बंगालमध्ये शास्त्राची भाषांतरे करणाऱ्या विल्यम केरीसाहेबांच्या छापखान्याला लागलेली आग येते, तरुण संघाच्या शिबिरात ओडिशात दोन मुलांसह जाळले गेलेले ग्रॅहम स्टेन्स येतात. शेवटच्या रात्री "प्रभूसाठी कोण पुढे येणार?" असा प्रश्न होतो आणि मुले रडत पुढे येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मंडळ्यांत हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. बहुतेकांचे ईस्टर उलटेपर्यंत सगळे विरून जाते. एखादा मात्र खरेच डिप्लोमा अर्धवट सोडतो, किंवा आईला न विचारता घरातली शिल्लक देऊन मोकळा होतो, आणि वर्षभरात देवावर आणि मंडळीवर रुसून बसतो. दोन्हींचे मूळ एकच आहे. निर्णय आधी होतो, चरित्र वाचायचे राहूनच जाते.

खालचे पहिले सात टप्पे एका उपवासकाळात, राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, आरामात पुरे होतात. आठवा त्यानंतर सहा आठवडे चालतो. क्रम बदलू नका. पाचवा टप्पा संपेपर्यंत कोणीही कसलाही संकल्प करायचा नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगा.

तयारी

माणसे तिघे-चौघे पुरेत, पण एकट्याने वाचू नका. गटात घर चालवणारी एक तरी बाई हवीच. पगार किंवा शेती सांभाळणारा एक जण हवा आणि एखादा तरुण हवा. नुसत्या तरुणांचा गट केला की चरित्रातल्या बायका-मुलांचे काय झाले हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तोच प्रश्न पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

वेळ बघून घ्या. खानापूरकडे रोपलावणीत आणि चिकोडी-निपाणीकडे ऊसतोडीत संध्याकाळी माणूस मिळत नाही. तोड लांबली असेल तर ईस्टरनंतर सुरू करा. उपवासकाळ सोयीचा आहे, अट नाही.

भाषेचा विचार आधीच करा. आपल्या कितीतरी घरांत शाळा इंग्रजीत, उपासना कन्नडमध्ये आणि आजीची प्रार्थना मराठीत असते. पुस्तक इंग्रजी असेल तर एकाने वाचून यावे आणि बैठकीत मराठीत सांगावे. वही मात्र मराठीतच ठेवा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला वाचून दाखवता आली पाहिजे.

साहित्यात दोनशे पानी वही, पवित्र शास्त्र आणि निवडलेल्या व्यक्तीबद्दल दोन पुस्तके हवीत. त्यातले एक त्या व्यक्तीने स्वतः किंवा घरच्या माणसाने लिहिलेले, दुसरे बाहेरच्याने लिहिलेले. संडे स्कूलची चार पानी पुस्तिका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी गोष्ट यांना साहित्य धरू नका.

टप्पा १ : एकच माणूस निवडा

शिबिरात एका तासात सात मिशनरी सांगितले जातात, म्हणून एकही लक्षात राहत नाही. तुम्ही एकच घ्या, आणि शक्यतो जवळचा.

बेळगावकरांनी मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले. १८३१ साली इथेच जन्मलेले बाबा पदमनजी इथल्याच मिशन शाळेत शिकले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी आपले आत्मचरित्र 'अरुणोदय' स्वतः मराठीत लिहिले, त्यामुळे पहिले पुस्तक हाताशीच आहे. ते परदेशातून आले नव्हते. ज्या समाजात ख्रिस्ती म्हणून राहायचे, त्याच समाजात त्यांचे नातेवाईक राहत होते. आपली अडचण त्यांच्या अडचणीशी जुळते.

पंडिता रमाबाई हीही उत्तम निवड. जन्म १८५८, कर्नाटकातल्याच गंगामूळचा, आणि काम पुण्याजवळ केडगावला. मिरजेला दाखवायला जाणाऱ्यांनी डॉ. विल्यम वानलेस घ्यावेत. ते १८८९ साली आले आणि मिरजेचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले. कॅथलिक वाचकांसाठी संत जोसेफ वाझ आहेत. गोव्यात बाणावलीला १६५१ साली जन्मलेला हा याजक डच सत्तेने कॅथलिक पुरोहितांना बंदी घातली असताना १६८७ साली मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरला आणि १७११ साली कँडीत मरेपर्यंत परत आला नाही.

सावधान : पहिल्याच वेळी हुतात्मा निवडू नका. मरणाचे दृश्य इतके तेजस्वी असते की त्याआधीची वर्षे दिसेनाशी होतात. आणि आपल्याला शिकायचे आहे ते त्या आधीच्या वर्षांतून.

टप्पा २ : आधी साले, मग गोष्टी

वहीच्या उजव्या पानावर फक्त साले आणि घटना लिहा. जन्म, शिक्षण, लग्न, मुले, आजार, बदल्या, मरण. डावे पान कोरे ठेवा. गोष्टी, उद्गार, चमत्कार यांतले काहीही या आठवड्यात लिहायचे नाही.

हे कंटाळवाणे वाटते, पण सगळा खेळ इथेच आहे. विल्यम केरींचे पान असे दिसेल :

१७६१ जन्म, इंग्लंड. जोडे शिवण्याचा धंदा.
१७९३ हिंदुस्थानात आगमन.
१७९४ पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पत्नी डोरोथी यांचे मन ढासळले.
१८०० बंगालमधल्या श्रीरामपूरला मुक्काम.
१८०१ फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापन.
१८०५ मराठी व्याकरण छापले.
१८०७ डोरोथी वारल्या.
१८१० मराठी कोश.
१८१२ छापखान्याला आग.
१८३४ मृत्यू.

आता १७९४ आणि १८०७ या दोन ओळींवर बोट ठेवा. आगीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्या आगीच्या आधी एका घरात एक बाई बारा-तेरा वर्षे मनाने आजारी होती, आणि शेजारच्याच खोलीत भाषांतराचे काम चालू होते. संदेशातून हे कधी कानावर पडत नाही, सालांच्या यादीत मात्र ते लपत नाही.

तपासा : यादीत जिथे सलग पाच-सहा वर्षे काहीच नोंद नाही, तिथे शिसपेन्सिलीने खूण करा. त्या रिकाम्या वर्षांत माणूस काय करत होता ते शोधा. बहुतेक वेळा भाषा शिकत होता, आजारी होता, किंवा रोज तेच ते काम करत होता. त्यागाचा मोठा भाग त्या रिकाम्या जागेत असतो.

टप्पा ३ : ऐकीव गोष्टी गाळा

आता डावे पान उघडा. ऐकलेल्या सगळ्या गोष्टी तिथे लिहा आणि प्रत्येकीपुढे 'कुणी पाहिले?' एवढाच प्रश्न लिहा. ज्याने पाहिले त्याने लिहून ठेवले असेल तर गोष्ट राहील. 'असे म्हणतात' एवढाच आधार असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारा, फाडू नका.

नेहमी सापडणारी चूक म्हणजे एकट्या वीराची गोष्ट. केरींनी एकट्याने डझनभर भाषांत शास्त्र उतरवले, असे आपण मुलांना सांगतो. प्रत्यक्षात छपाई विल्यम वॉर्ड बघत होते, जोशुआ आणि हॅना मार्शमन शाळा चालवत होते, शाळेची फी आणि केरींचा पगार एका सामाईक थैलीत जात होता, आणि मराठीसाठी वैद्यनाथ पंडित शेजारी बसत होते. ही माणसे वगळली की वाचणाऱ्याला वाटते, आपणही एकट्यानेच काहीतरी प्रचंड केले पाहिजे. मग तो काहीच करत नाही.

टप्पा ४ : किमतीचा हिशेब

या टप्प्याला दोन आठवडे द्या. घाई करणारे गट इथेच घसरतात.

नव्या पानावर चार रकाने आखा : काय सोडले, प्रत्यक्षात कुणाचे गेले, त्या माणसाला विचारले होते का, त्यातून कुणाचे भले झाले.

केरींच्या पानावर डोरोथी यांची ओळ भरून बघा. काय सोडले : गाव, नातलग, ओळखीची हवा, शेवटी मनःस्वास्थ्य. कुणाचे गेले : डोरोथी यांचे. विचारले होते का : त्यांनी आधी नकार दिला होता, मग अगदी शेवटी, बहीण सोबत येणार म्हटल्यावर त्या निघाल्या. भले कुणाचे : बंगाली, मराठी वाचकांचे, आपले. हे लिहिताना गटात शांतता पसरते आणि कोणीतरी म्हणते, "मोठ्या माणसाबद्दल असे लिहू नये." लिहावे. केरींना खाली ओढायचे नाही आणि डोरोथींना झाकायचेही नाही. देवाने त्या कामाचा उपयोग केला म्हणून प्रत्येक निर्णय बरोबर होता असे ठरत नाही.

नारायण वामन टिळक घेतले असतील तर हा रकाना भरायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' उघडा. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ती दोघे काही वर्षे वेगळी राहिली. टिळकांच्या बाजूने पाहिले तर तो निष्ठेचा निर्णय आहे. लक्ष्मीबाईंच्या बाजूने तो आधी घरावर कोसळलेला डोंगर आहे, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या वेळेने तोच विश्वास पत्करला. दोन्ही बाजू एका पानावर आल्या की त्याग म्हणजे काय आणि घरच्यांवर लादलेले ओझे म्हणजे काय, यातला फरक तरुण मुलांनाही समजतो.

उलट बाजूही लिहा. रमाबाईंच्या पानावर पुष्कळ ओळींत 'कुणाचे गेले' या रकान्यात त्यांचेच नाव येते. आईवडील दुष्काळात गेले, पती १८८२ साली गेले, १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर नावलौकिकाला ओहोटी लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांनी लहानपणी भोगले होते, म्हणून त्या मुली त्यांना दिसल्या. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली वारली. शास्त्राच्या भाषांतराचे काम हातात असतानाच हे दुःख आले, आणि १९२२ साली रमाबाईही गेल्या. चौथ्या रकान्यात मात्र शेकडो मुलींची घरे येतात. असे पान भरले की आवाज चढवून संदेश देण्याची गरजच राहत नाही.

सावधान : हा टप्पा चालू असताना गटातल्या एखाद्या बाईला घरात मार खावा लागत असेल, छळ होत असेल, तर "हाच तुझा वधस्तंभ" असे कोणीही म्हणू नये. ग्लॅडिस स्टेन्स यांची क्षमा इथे हमखास पुढे केली जाते. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले जाळली गेली. त्यांनी क्षमा केली, आणि कुष्ठरोग्यांचे काम पुढे चालू ठेवले. ती क्षमा त्यांची होती, कोणी त्यांच्याकडून करवून घेतलेली नव्हती, आणि गुन्हेगारांवर खटलाही चालला. छळ सोसणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा, डॉक्टर आणि पोलीस लागतात. वही बाजूला ठेवा आणि ते करा.

टप्पा ५ : वचनाशी ताडून पाहा

मिशनऱ्याचे जीवन हे माप नाही, तेही मापायचेच आहे. चार ठिकाणे पुरतात. मार्क ७ मध्ये आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना प्रभूने काय म्हटले ते वाचा. घर उघडे टाकून केलेली सेवा या वचनापुढे उभी करा. लूक १४ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज करतो. लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ दररोज उचलायचा आहे, शिबिराच्या शेवटच्या रात्री एकदाच नव्हे. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय सांगतो की शरीर जाळायला दिले तरी प्रीती नसेल तर काही लाभ नाही.

प्रत्येक वचनाखाली चरित्रातला एक प्रसंग लिहा, जुळणारा किंवा न जुळणारा. न जुळणारा एकही सापडला नाही, तर तुम्ही चरित्र वाचलेले नाही, आरती म्हटली आहे. टप्पा ४ पुन्हा करा.

टप्पा ६ : एकच संकल्प

आता संकल्पाची परवानगी आहे. प्रत्येकाचा वेगळा, आणि एकच. वाक्यात तारीख हवी, काम हवे, आणि ज्याच्यासाठी करायचे तो माणूस हवा. "मी प्रभूसाठी सर्वस्व देईन" हे वाक्य वहीत येता कामा नये. "पुढच्या सहा आठवड्यांत दर गुरुवारी संध्याकाळी पक्षाघात झालेल्या शेजारच्या काकांना अंघोळ घालीन, म्हणजे काकूंना बाजारात जाता येईल" हे चालेल.

जे सोडायचे ते तुमच्या वाट्याचेच असले पाहिजे. तुमची झोप, तुमची सुट्टी, तुमची नवी मोटरसायकल, तुमचा मान. बायकोचे दागिने, मुलाची फी, भावाचा जमिनीतला हिस्सा तुमचा नाही. रुग्णालयात काम करणाऱ्या बहिणीने नाताळच्या रात्रीची ड्यूटी दुसरीसाठी घ्यावी. शेतकऱ्याने आपल्या आधी विधवा चुलतीच्या वाफ्यात रोप लावून द्यावे. बांधाच्या दोन फुटांवरून भावाशी वर्षानुवर्षे चाललेले भांडण असेल, आणि तो हिस्सा केवळ तुमचाच असेल, तर ते सोडणे हा आपल्या मातीतला फार मोठा त्याग आहे.

इथे एक गोष्ट सुचवते, आणि ती सीमाभागातल्या मराठी ख्रिस्ती माणसालाच सुचवते. कोणतेही चरित्र घ्या, सर्वांत जास्त वेळा दिसणारा त्याग भाषेचा असतो. केरी मोठ्या वयात आपल्या पंडितांपुढे विद्यार्थी होऊन बसले. शिकलेला, वयात आलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेत लहान मुलासारखा चुकतो आणि लोकांचे हसू सोसतो. त्यात पैसा जात नाही, अभिमान जातो. सीमाप्रश्नावर तुमचे मत काहीही असो, ते मत सोडायला कोणी सांगत नाही. पण जिल्हा रुग्णालयात शेजारच्या खाटेवरच्या कन्नड आजीशी चार वाक्ये बोलता यावीत म्हणून कन्नड शिकणे, किंवा कन्नड उपासनेला मागच्या बाकावर न बसता त्यांच्यासोबत गाणे, हा संकल्प करून बघा. कन्नड मंडळीतल्या एखाद्याने मराठी स्तोत्र शिकले तर तोही तितकाच मोलाचा. इतकी वर्षे शेजारी बसून आपण एकमेकांचे प्रभुभोजनाचे शब्द शिकलो नाही, याचे मला दुःख आहे.

सावधान : मदतीला अट जोडू नका. ज्याला धान्य दिले त्याला उपासनेला यायला सांगायचे नाही, फोटो काढायचा नाही. ज्याने घेतले त्याला तुम्हाला नाही म्हणता आले पाहिजे, आणि नाही म्हटल्यावरही गुरुवारची फेरी चालू राहिली पाहिजे.

टप्पा ७ : घरच्यांपुढे ठेवा

संकल्प पाळकांना सांगण्याआधी घरात सांगा. जेवणानंतर वही उघडा, वाक्य वाचा आणि विचारा : याने तुमचे काय जाईल? उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आई म्हणाली की गुरुवारी दळण आणायला तूच जातोस, तर दळण बुधवारी आणायचे असे ठरवा आणि तेही वहीत लिहा. घरच्यांची सही घ्यायची नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहायचे. घरचे ख्रिस्ती नसतील तरी विचारा. त्यांचा वेळ आणि भाकरी तुमच्या संकल्पात जाणारच आहे.

मग गटातल्या एकालाच साक्षीदार करा. सगळ्या मंडळीला नको. व्यासपीठावरून जाहीर केलेला संकल्प लोकांच्या नजरेसाठी पाळला जातो.

तपासा : नोकरी, शिक्षण, लग्न, कर्ज किंवा जमीन यांना हात लावणारा संकल्प असेल तर तो या सहा आठवड्यांत बसत नाही. तो वेगळ्या पानावर लिहा आणि वर्षभर थांबा. तोवर लहान संकल्प पाळा. लहान पाळता आला नाही, तर मोठ्याचा विषय काढू नका.

टप्पा ८ : पाळणे आणि पाहणी

दर रविवारी साक्षीदाराने दोनच प्रश्न विचारायचे : केलेस का, आणि त्या माणसाचे कसे चालले आहे? "तुला कसे वाटले?" हा प्रश्न पहिले तीन आठवडे वर्ज्य ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उत्साह आटतो. काकांच्या अंगाला वास येतो, काकू आभार मानत नाहीत, उलट उशीर झाला म्हणून कुरकुरतात. त्या दिवशी टप्पा २ मधले रिकाम्या वर्षांवर खुणा केलेले पान उघडा आणि त्या वर्षांत तुमचा निवडलेला माणूस काय करत होता ते वाचा. गेल्या महिन्यात कंटाळवाणी वाटलेली नोंद आता उपयोगी पडते.

एखादा गुरुवार चुकला तर पुढच्या आठवड्यात दोन करून भरपाई करू नका, आणि उपास करून स्वतःला शिक्षाही करू नका. चुकला असे लिहा, कारण लिहा, पुढच्या गुरुवारी जा. सलग तीन चुकले तर संकल्प मोठा होता. साक्षीदारासोबत बसून तो निम्मा करा. आजारपण किंवा घरातली अडचण आली तर थांबा, आणि ज्याच्यासाठी करत होता त्याला आधी कळवा. तो वाट पाहत असतो.

सहा आठवडे संपले की संकल्प आपोआप संपतो. गट जमतो, किमतीचे चार रकाने पुन्हा आखले जातात, आणि या वेळी त्यात मिशनऱ्याच्या जागी तुमचे नाव येते. 'कुणाचे गेले' या रकान्यात आईचे किंवा बायकोचे नाव तुमच्याहून जास्त वेळा आले असेल, तर पुढचा संकल्प तिच्यासाठी करा. हिशेब बरोबर बसला असेल तर तोच संकल्प आणखी सहा आठवडे पुढे न्या. नवा शोधण्याची गरज नाही. साक्ष द्यायची असेल तर ज्याच्यासाठी केले त्याचे नाव, गल्ली आणि आजार सांगू नका. वही मंडळीच्या कपाटात ठेवा. पुढचा गट त्यातली सालांची यादी वापरू शकेल, पण संकल्पांची पाने त्याआधी काढून ज्याची त्याला परत द्या.